घरच्या बरणीतली वाइन

बारामतीलगतच्या पिंपळीच्या शिवारात द्राक्षापासून वाइन करणारा कारखाना उभा राहिला, त्याला आता कित्येक वर्षे झाली. बारामती ग्रेप इंडस्ट्रीज हे त्याचे नाव. इटलीतल्या बॉस्का या जुन्या वाइन घराण्याच्या नावाने इथली वाइन बाटल्यांत भरून बाजारात गेली. पुणे जिल्ह्याच्याच उत्तर टोकाला, नारायणगावात, शामराव चौगुले यांनी ऐंशीच्या दशकात फ्रेंच पद्धतीची फेसाळ वाइन तयार केली आणि ती परदेशातही विकली गेली. पाटसहून बारामतीकडे येताना रोटीच्या परिसरात एका मोठ्या वायनरीची दगडी इमारत दिसते. बारामती तालुक्यातच होळ येथे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचे प्रक्षेत्र आहे आणि तिथे द्राक्षाच्या नव्या वाणांवर वर्षानुवर्षे काम झाले आहे. इंदापूर तालुक्यातल्या बोरीसारख्या गावांची द्राक्षे जहाजाने परदेशी जातात. माल आहे, संशोधन आहे, कारखानाही आहे. या सगळ्या साखळीत एकच कडी नाही, ती म्हणजे घर. ज्या कुटुंबाच्या मांडवावर घड लोंबतात, त्या कुटुंबाला त्या घडाच्या रसाचे पुढे काय होते हे स्वतःच्या हाताने करून पाहण्याची मुभा नाही. माझे म्हणणे असे, की द्राक्षाच्या मुलखात घरच्या वापरापुरती, मोजकी आणि विक्रीविना वाइन करण्याची परवानगी कायद्याने द्यायला हवी. ही मागणी पिणाऱ्यांच्या सोयीसाठी नाही. ज्या गोष्टीला गावाचा हात लागत नाही, तिचे ज्ञान गावात रुजत नाही, म्हणून ही मागणी आहे.

महाराष्ट्रातल्या द्राक्षशेतीचाच इतिहास याला साक्ष आहे. आपल्याकडे थॉमसन सीडलेस हे वाण बाहेरून आले, पण ते आले तसे राहिले नाही. तासगावजवळच्या बोरगावात एका बागेतल्या वेलीवर वेगळे घड दिसले, बागायतदाराने ते हेरले, त्या काड्या जपल्या आणि तास-ए-गणेश हे वाण राज्यभर पसरले. सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी आपल्या बागेतल्या वेलींमधून निवड करत काळ्या मण्यांचे शरद सीडलेस पुढे आणले. ही वाणे प्रयोगशाळेत जन्मली नाहीत. हजार वेलींत एक वेल वेगळी आहे हे ज्याला रोज मांडवाखाली वाकून काम करावे लागते त्यालाच दिसते. खरड छाटणी आणि गोडी छाटणी हे आपल्या हवामानाला जुळणारे दुहेरी वेळापत्रक, विरळणी, गर्डलिंग, संजीवकात घड बुडवण्याची नेमकी वेळ, हे सगळे शास्त्रज्ञांनी सांगितले आणि शेतकऱ्यांनी आपापल्या जमिनीत घासूनपुसून घेतले. 1997 पासून मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, द्राक्ष बागायतदार संघ तर त्याच्याही आधीपासून आहे. या दोहोंच्या शिवारफेऱ्यांना आणि चर्चासत्रांना बागायतदार गर्दी करतात, कारण ऐकलेले उद्या आपल्या बागेत करून पाहता येते. शास्त्र आणि शेतकरी यांच्यातला हा व्यवहार दुहेरी आहे. खायच्या द्राक्षात महाराष्ट्र पुढे गेला तो या व्यवहारामुळे.

वाइनच्या बाबतीत हा व्यवहार एकेरी राहिला. राज्याने 2001 साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी धोरण आणले, उत्पादन शुल्कात सवलती दिल्या, नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क आखली. वायनरी उभ्या राहिल्या, शेतकऱ्यांनी करार करून कॅबर्ने सोव्हिन्यों, शिराझ, सोव्हिन्यों ब्लां, शेनिन ब्लां अशी वाणे लावली. पण शेतकऱ्याची भूमिका फाटकापर्यंत माल पोचवण्याचीच राहिली. ट्रॉली वजनकाट्यावर गेली, गोडी मोजली गेली, पावती मिळाली आणि त्याचा संबंध संपला. आपल्या माळावरच्या शिराझची वाइन कशी उतरली, आठ दिवस उशिरा तोडणी केली असती तर काय फरक पडला असता, शेजारच्या काळ्या रानातल्या द्राक्षाची वेगळी का लागते, हे प्रश्न त्याला पडायला वावच नव्हता. पुढे 2008-09 च्या मंदीत मागणी आटली, काही मोठे उत्पादक अडचणीत आले आणि अनेक शेतकऱ्यांनी वाइनच्या बागा उपटून टाकल्या. ते समजण्यासारखे आहे. खायच्या द्राक्षाला बाजार नसेल तर त्याचा बेदाणा करता येतो, घरच्या माणसांना आणि पाहुण्यांना वाटता येतो. वाइनच्या द्राक्षाला मात्र कारखान्याशिवाय दुसरी वाटच नव्हती. त्या वाणाशी घराचे नाते जुळले नव्हते, म्हणून ते पहिल्या तडाख्यात गेले.

घरी वाइन करणे म्हणजे नेमके काय, हे जवळून पाहिले तर त्यातले शिक्षण कळते. पिकलेले, न फुटलेले घड निवडायचे, देठ काढायचे, मणी हाताने चेचायचे. दहा किलो द्राक्षांतून शेवटी सहा-साडेसहा लिटर वाइन हाती लागते. तोडणीच्या वेळी गोडी मोजायला बागायतदाराकडे रिफ्रॅक्टोमीटर असतोच. लिटरमागे साधारण 17 ग्रॅम साखर आंबली की एक टक्का अल्कोहोल तयार होते, एवढे गणित माहीत असले की रसाच्या गोडीवरून वाइनची ताकद आधीच सांगता येते. काळ्या द्राक्षाचा रंग सालीत असतो, रसात नसतो. म्हणून लाल वाइनसाठी साली रसातच ठेवाव्या लागतात. यीस्ट कामाला लागले की कर्बवायूचे बुडबुडे या साली वर ढकलतात आणि रसावर लगद्याचा जाड थर तरंगू लागतो. तो दिवसातून दोन-तीनदा खाली दाबावा लागतो. एक दिवस आळस केला तर वरचा थर सुकतो, हवेतले जिवाणू त्यावर बसतात आणि शिरक्याचा वास सुटतो. आठवडाभर बरणी फसफसत राहते, नंतर शांत होते. मग लगदा पिळून रस वेगळा करायचा, हवा आत येणार नाही पण वायू बाहेर जाईल असे तोंड बंद करायचे, तळाशी गाळ बसला की वरची वाइन नळीने अलगद दुसऱ्या भांड्यात घ्यायची आणि पुन्हा वाट पाहायची. या कामात अक्कल लागते ती स्वच्छतेची, मोजण्याची आणि हात आवरण्याची. विरजण लावणाऱ्या घराला या तिन्ही गोष्टी नव्या नाहीत. इथे फक्त रात्रीच्या ऐवजी महिने मोजायचे असतात.

या कामाचे शास्त्र पुस्तकांत आहे, मग घरोघरी करून पाहण्याची गरज काय, असे कोणी विचारेल. त्याचे उत्तर आपल्या हवामानात आहे. लुई पाश्चर यांनी एकोणिसाव्या शतकात किण्वनामागे सजीव यीस्ट असते हे दाखवले आणि 1866 साली वाइनवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. तेव्हापासून या विषयावर लिहिले गेले ते मुख्यतः युरोपातल्या आणि युरोपसारख्या हवामानात. तिथे द्राक्षे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडतात. रस आंबू लागतो तेव्हा बाहेर दिवस गार होत जातात आणि वाइन निवळते ती हिवाळ्याच्या थंडीत. आपल्याकडे नेमके उलटे आहे. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर माल फेब्रुवारी-मार्चमध्ये तयार होतो, रस आंबतो तेव्हा ऊन चढत असते आणि वाइन निवळायची वेळ येते तेव्हा बारामती-इंदापूरचा पारा चाळिशीला भिडलेला असतो. लाल वाइनचे किण्वन पंचवीस अंशांच्या आसपास आणि पांढरीचे त्याहून बरेच खाली चांगले होते. पस्तिशीच्या पुढे यीस्ट दमते, साखर अर्धवट उरते आणि वाइन बिघडते. कारखाना यावर शीतयंत्र बसवतो. घराने काय करावे, हे युरोपातल्या पुस्तकात सापडणार नाही. पण घराच्या हाती एक नैसर्गिक सोय आहे. मोठ्या टाकीत तयार झालेली उष्णता आतच कोंडते, तर पंधरा-वीस लिटरच्या बरणीला आकाराच्या मानाने पृष्ठभाग जास्त असल्याने ती लवकर निवते. ओले गोणपाट, मातीची जाड भिंत, पहाटेचा गारवा, हंगामाच्या सुरुवातीची तोडणी, एवढ्यावर किती साधते हे शेकडो घरांनी शेकडो हंगाम करून पाहिले तरच कळेल. ऊन वाढत असताना आंबणाऱ्या रसाचे शास्त्र इथेच घडवावे लागेल, आणि ते घडवायला एका वायनरीचे तज्ज्ञ पुरणार नाहीत.

यावर जाणकारांचा आक्षेप असा, की आपल्याकडची द्राक्षे मुळात खाण्याची आहेत, त्यांची चांगली वाइन होत नाही. आक्षेपात तथ्य आहे. निर्यातीच्या द्राक्षाला मोठा मणी, कुरकुरीत गर, पातळ साल आणि एकसारखा रंग लागतो. वाइनला लहान मणी, जाड साल, बी, आम्लता आणि स्वतःचा वास लागतो. थॉमसनच्या रसाला गोडी भरपूर, पण वास जवळजवळ नाही आणि आम्लता बेताची. त्याची वाइन पातळ आणि सपक लागते. पण हे ज्याने करून पाहिले त्यालाच खरे पटते, आणि ज्याला पटते तोच बांधाच्या कडेला दहा वेली वेगळ्या वाणाच्या लावतो. आघारकर संस्थेने विकसित केलेला एआरआय-516 हा संकर इथे आठवतो. अमेरिकी काटॉबा आणि युरोपीय द्राक्ष यांच्या संकरातून आलेले हे वाण बियांचे, रसाळ आणि सुवासिक आहे. ते बुरशीला सहजी बळी पडत नाही, 110 ते 120 दिवसांत तयार होते आणि रस, जॅम तसेच लाल वाइन यांसाठी चांगले आहे. बाजाराला बिया नको असतात, म्हणून असे वाण व्यापाऱ्याच्या पेटीत मागे पडते. घरच्या बरणीत ते पुढे येईल. ज्या वाणाला फवारण्या कमी लागतात त्याला घरच्या छंदाने आसरा द्यावा आणि पुढे बाजाराने त्याची दखल घ्यावी, हा क्रम अशक्य नाही. आज केवडा आणि भुरी या बुरशीजन्य रोगांच्या औषधांवर बागायतदार जो खर्च करतो तो पाहिला, तर असा आसरा ही चैन नाही.

दुसरा आक्षेप संस्कृतीचा आहे. हे आपले नाही, ही पाश्चात्त्यांची हौस, असे म्हटले जाते. कौटिलीय अर्थशास्त्रातले सुराध्यक्षाचे प्रकरण याला उत्तर देते. त्यात द्राक्षाच्या रसापासून केलेल्या मद्याचा वेगळा उल्लेख आहे आणि ते कुठल्या प्रदेशातून येते हेही सांगितले आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की मद्यावर कडक सरकारी नियंत्रण सांगणारा हाच ग्रंथ कुटुंबांना कार्यप्रसंगी घरच्यापुरती सुरा आणि औषधासाठी अरिष्ट करण्याची मोकळीक देतो. उत्सव-यात्रांच्या वेळी चार दिवसांची सूटही त्यात आहे. म्हणजे राज्याने मद्यावर अंकुश ठेवायचा आणि तरीही घराची एक लहानशी जागा मान्य करायची, ही कल्पना आपल्याकडे दोन हजार वर्षांपूर्वीही अनोळखी नव्हती. आयुर्वेदाचे द्राक्षासव आणि द्राक्षारिष्ट आजही औषधांच्या दुकानात मिळते. मनुका, गोडवा आणि धायटीची फुले बंद भांड्यात ठेवून ते आंबवले जाते, आणि त्यातले अल्कोहोल बाहेरून घातलेले नसते, आतच तयार झालेले असते. आजीच्या कपाटातली ती बाटली आणि वाइनची बाटली एकच नव्हे. हेतू वेगळे, मात्रा वेगळी. पण द्राक्षाचा रस आंबवण्याची विद्या परकी आहे, हा दावा त्या कपाटापुढे टिकत नाही.

मराठी बोलणाऱ्या घरांत ही विद्या आजही चालू आहे, हे तर आपण विसरूनच जातो. वसईपासून उत्तन-गोराईपर्यंत आणि मुंबईच्या जुन्या गावठाणांत राहणारा ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाज मराठीचीच बोली बोलतो. त्यांच्या घरांत नाताळसाठी वाइन घातली जाते. काळी द्राक्षे, साखर, थोडे यीस्ट, मूठभर गहू आणि चिनी मातीची बरणी, एवढाच पसारा. रोज लाकडी चमच्याने ढवळायचे, तीनेक आठवड्यांनी गाळायचे, मग मुरू द्यायचे. द्राक्षे नसतील तेव्हा जांभूळ, बीट किंवा मनुका यांवर भागवले जाते. ही वाइन केकच्या तुकड्याबरोबर लहान पेल्यात पाहुण्यांपुढे येते. ती कोणाच्या घरात किती गोड असते, कोणी त्यात दालचिनी घालते, कोणी घालत नाही, यावर घरोघरची ओळख ठरते. तिची कृती सासूकडून सुनेकडे जाते. या समाजाला द्राक्षाचे मळे नाहीत, द्राक्षे बाजारातूनच आणावी लागतात. आणि जिथे मळे आहेत तिथल्या घरांत ही बरणी नाही. एकाच राज्यात, एकाच भाषेत, पिकवणारे हात आणि मुरवणारे हात असे वेगळे राहिले आहेत. ते एकत्र आले तर दोघांचेही ज्ञान वाढेल.

तिसरा आक्षेप कायद्याचा आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याने, ज्याला आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणतात, परवान्याशिवाय मद्य तयार करायला मनाई केली आहे. संविधानाच्या 47व्या अनुच्छेदाने मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न करावा असे राज्याला सांगितले आहे. जोवर कायदा असा आहे तोवर तो पाळला पाहिजे. माझा आग्रह तो मोडण्याचा नाही, बदलण्याचा आहे. आणि या कायद्याने अपवादांना दार कधीच पूर्ण बंद केलेले नाही. धर्मविधीसाठी लागणाऱ्या वाइनची त्यात वेगळी तरतूद आहे. औषधी द्रव्यांचा प्रश्न 1951 साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा अल्कोहोल असलेल्या औषधांना आणि प्रसाधनांना सरसकट मद्याच्या मापाने मोजता येणार नाही असे न्यायालयाने ठरवले. मध्य प्रदेश आणि छत्तीसगढमध्ये आदिवासी कुटुंबांना स्वतःच्या वापरापुरती मोहाची दारू करण्याची मर्यादित सूट आहे. ब्रिटनने घरी बिअर करायला लागणारा परवाना 1963 साली रद्द केला. अमेरिकेत प्रौढ व्यक्तीला वर्षाला 100 गॅलन आणि दोन प्रौढांच्या घराला 200 गॅलन, म्हणजे साधारण साडेसातशे लिटर, वाइन घरी करता येते. ती विकता येत नाही, आणि घरी भट्टी लावून दारू गाळायला तिथेही सक्त मनाई आहे. आंबवणे आणि गाळणे, घरासाठी करणे आणि विकण्यासाठी करणे, या दोन रेषा कायद्याला नीट आखता येतात. आपला कायदा त्या आखत नाही, एवढीच तक्रार आहे.

चौथा आक्षेप विषाचा. घरी केलेली दारू म्हटले की 2015 सालच्या मालवणीतल्या विषारी दारूची आठवण होते. त्यात शंभरावर माणसे गेली. ही भीती खरी आहे आणि तिची चेष्टा करता कामा नये. पण तिचे कारण नीट समजून घेतले पाहिजे. अशा दुर्घटनांत जीव घेते ते मेथॅनॉल, आणि ते येते उद्योगासाठी असलेले रसायन दारूत मिसळल्याने. द्राक्षाचा रस आंबताना सालीतल्या पेक्टिनपासून अगदी थोडे मेथॅनॉल तयार होते. आंतरराष्ट्रीय वाइन संघटनेने लाल वाइनसाठी लिटरला 400 मिलिग्रॅम आणि पांढऱ्या वाइनसाठी 250 मिलिग्रॅम अशी मर्यादा ठेवली आहे, आणि साध्या द्राक्षवाइनमध्ये ते सहसा त्याहून कितीतरी कमी असते. धोका वाढतो तो ऊर्ध्वपातनात आणि भेसळीत. म्हणून गाळण्याच्या भट्टीवरची बंदी जशीच्या तशी राहिली पाहिजे. घरच्या वाइनमध्ये खरोखर बिघडू शकते ते वेगळेच असते. अस्वच्छ भांडे, कुजके मणी, काढणीच्या तोंडावर मारलेले औषध यांनी ती आंबट, कडू किंवा घाणेरड्या वासाची होते. ज्या बागेत काढणीपूर्व कालावधी पाळला नाही तिथल्या द्राक्षाचा रस यीस्टला मानवत नाही, किण्वन अडते. युरोपातल्या तपासणीत औषधाच्या अंशामुळे कंटेनर अडकला तर बागायतदाराला महिन्यांनी कळते. घरची बरणी ते आठवड्यात सांगेल.

सगळ्यात जड आक्षेप शेवटचा आहे, आणि तो बायकांचा आहे. दारूने ज्यांची घरे मोडली त्यांनी उभी बाटली आडवी करण्यासाठी मतदान केले, मोर्चे काढले, गुत्ते बंद पाडले. 2022 च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला तेव्हा अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, विरोध वाढला आणि तो निर्णय अमलात आला नाही. या विरोधामागचा अनुभव पुस्तकी नाही. वाइन म्हणजे दारू नव्हे, ती तब्येतीला चांगली, असली मखलाशी मी करणार नाही. बारा टक्के अल्कोहोल हे अल्कोहोलच आहे. माझे उत्तर वेगळे आहे. व्यसनी माणसाला दारू आज, आत्ता, स्वस्तात लागते. वाइन घालणाऱ्याला फेब्रुवारीत द्राक्षे चेचून पावसाळ्यापर्यंत थांबावे लागते. दारूच्या स्वस्त फुग्यासाठी भट्टीकडे जाणारा या वाटेने जाणार नाही, आणि भट्टी या वाटेने वाढणारही नाही. तरीही एखाद्या घरात गैरवापर होईल, हे मी मान्य करतो. म्हणून परवानगीची किल्ली ज्यांना झळ बसते त्यांच्याच हाती द्यावी. महिलांच्या मतदानाने गावातले दारूचे दुकान बंद करण्याची तरतूद राज्यात आहे. त्याच धर्तीवर घरच्या वाइनची मुभा ज्या गावाच्या महिला ग्रामसभेने मान्य केली त्याच गावात लागू व्हावी, आणि घराच्या नोंदणीवर कर्त्या पुरुषाबरोबर घरच्या कर्त्या स्त्रीची सही असावी. तिने सही मागे घेतली की नोंदणी रद्द. पिंपळीच्या बायकांनी नको म्हटले तर पिंपळीत नको. पण त्यांना विचारले जावे, आणि त्या हो म्हणणार नाहीत हे आधीच गृहीत धरले जाऊ नये. वसईच्या घरांत तर ही बरणी बायकांच्याच हातात आहे.

मुभेला मर्यादा का हवी, हे अमेरिकेच्या दारूबंदीतून शिकता येते. 1920 ते 1933 या काळात तिथे दारू बंद होती, पण घरी फळांचा रस करण्याला कायद्याने पळवाट ठेवली होती. कॅलिफोर्नियातून द्राक्षांचे रेल्वेचे डबेच्या डबे पूर्वेच्या शहरांकडे जाऊ लागले, भाव चढले, लागवड वाढली. पण दूरच्या प्रवासात टिकावे म्हणून शेतकऱ्यांनी जाड सालीचे, गडद रंगाचे अलिकांते बुशे लावले आणि चवीची नाजूक वाणे मागे पडली. मळा एकीकडे आणि बरणी हजारो मैलांवर, अशी स्थिती आली की छंदही बाजारासारखाच वागतो. त्यामुळे ज्याच्याकडे सात-बाराच्या उताऱ्यावर द्राक्षबाग आहे आणि जो त्याच गावात राहतो त्याला मुभा आधी द्यावी, अनुभव घ्यावा आणि मग पुढचा विचार करावा. वर्षाला घरटी 25 लिटरची मर्यादा पुरे. त्याला चाळीसेक किलो द्राक्षे लागतील आणि आठवड्याला घरात अर्धा लिटरही येणार नाही. या प्रमाणात व्यसन पोसत नाही आणि धंदाही होत नाही. शिकणे मात्र होते.

हे शिकणे वाढवायला नवी संस्था उभारायला नको. मांजरीच्या संशोधन केंद्राकडे वाइनचे शास्त्र आहे, माळेगावच्या शारदानगरातले कृषी विज्ञान केंद्र शेतकऱ्यांना रोज नवे काही शिकवते, होळच्या प्रक्षेत्रावर वाणे आहेत. या तिघांनी मिळून बारामती आणि इंदापूरच्या निवडक गावांत पाच हंगामांचा प्रयोग करावा. नोंदणी केलेल्या प्रत्येक घराने तोडणीची तारीख, रसाची गोडी, आम्लता, किण्वनाचे तापमान आणि शेवटची चव लिहून ठेवावी. पाचव्या वर्षी त्या वह्या एकत्र केल्या की आपल्या माळरानात कुठले वाण उन्हाळ्याच्या तोंडावरही चांगले मुरते, हे भारतात पहिल्यांदा घराच्या पातळीवर कळेल. त्या उत्तरावर उद्याची वायनरी करार करेल, आणि तेव्हा करारावर सही करणारा शेतकरी आपला माल काय लायकीचा आहे हे स्वतः जाणत असेल. तास-ए-गणेश आणि शरद सीडलेस शेतकऱ्याच्या नजरेतून आली, कारण वेलीकडे निरखून पाहायला त्याला कोणाचा परवाना लागला नव्हता. रसाकडेही त्याला तसेच पाहू द्यावे, एवढेच मागणे आहे.